कुड्याचा लोखंडवाला आणि कॉलेजचं लॉगिन

रायगड जिल्ह्यातल्या तळा गावाहून मांदाडच्या दिशेनं गेलं की राजपुरीची खाडी जिथं आत शिरते, त्या भागात डोंगराच्या कुशीत कुडे लेणी आहेत. शाळांच्या सहली तिथं येतात, मूर्ती बघतात, फोटो काढतात आणि डबे खाऊन परततात. कॉमर्स आणि मॅनेजमेंटच्या मुलांनी मात्र तिथं आधी भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं शोधावीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही लेणी दान दिली, त्यांनी आपल्या नावासोबत आपला धंदाही कोरून ठेवला आहे!

एका लेण्याचा दाता आहे महिक. तो कऱ्हाडचा, आणि व्यापार लोखंडाचा. दुसरा शिवभूती, तो महाभोज या स्थानिक अधिपतींच्या पदरचा लेखनिक. आणखी दाते बघा: हार गुंफणारा माळी, वैद्य, पेढीवाला श्रेष्ठी, तांडा घेऊन फिरणारा सार्थवाह. कऱ्हाड कुठं, कुडे कुठं! मध्ये सगळा सह्याद्री आडवा. तरीही घाटावरच्या लोखंडवाल्याला कोकणातल्या खाडीकाठी लेणं खोदण्याइतका पैसा खर्च करावासा वाटला, म्हणजे त्याचं इथं येणंजाणं असणार, गिऱ्हाईक असणार, ओळखीपाळखी असणार. व्यापाराच्या इतिहासाचा अस्सल, प्राथमिक पुरावा म्हणतात तो हाच, आणि तो तळ्याच्या शेजारी उघड्यावर आहे.

ब्राह्मी येत नाही म्हणून अडायचं कारण नाही. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधल्या लेखांचं पुस्तक १८८१ साली छापलं. त्यात कुड्याचे लेख वाचनासह आणि इंग्रजी भाषांतरासह दिले आहेत. पुढं हाइनरिश ल्यूडर्स या जर्मन अभ्यासकानं ब्राह्मी लेखांची जंत्री केली, तीतही ते क्रमांकानं सापडतात. दोन्ही पुस्तकांचा स्वामित्वहक्क कधीच संपला असल्यामुळं ती इंटरनेट आर्काइव्हवर फुकट उतरवून घेता येतात. ‘आमच्याकडं संशोधनाला साधनंच नाहीत’ ही तळ्यातली नेहमीची तक्रार पहिल्याच मुक्कामाला गळून पडते, ती अशी.

जिल्हा एक, स्पेलिंगं अनेक

आता गंमत बघा. कॉलेजच्या लायब्ररीत बसून डेटाबेसमध्ये ‘रायगड’ टाकलं, जुनं काहीच आलं नाही, म्हणून मुलं उठून जातात. येणार कसं? १ जानेवारी १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. शंभर वर्षांचा व्यापार, बंदरं, मीठ, भात, सावकारी, सगळं ‘कुलाबा’ या नावाखाली पडून आहे. आणि नुसतं ‘कुलाबा’ टाकलं तर मुंबईतला कुलाबा पुढं येतो, म्हणून सोबत ‘जिल्हा’ हा शब्द हवा.

दुसरी खोच जनगणनेची. जनगणनेच्या इंग्रजी पुस्तकांत रायगडचं स्पेलिंग शेवटी ‘जी-ए-डी’ नाही, ‘जी-ए-आर-एच’ असं येतं. याच स्पेलिंगचा दुसरा जिल्हा छत्तीसगडमध्ये आहे, आणि तिथं कोळसा आणि पोलाद यांचा मोठा कारभार. त्यामुळं रायगडच्या उद्योगांवर शोध घेणाऱ्याच्या पुढ्यात अचानक कोळशाच्या खाणी येऊन पडतात. सोबत ‘महाराष्ट्र’ जोडलं की प्रश्न मिटला.

तिसरी खोच खुद्द तळ्याची. तळा तालुका झाला १९९९ साली. त्याआधी ही सगळी गावं माणगाव तालुक्यात. म्हणजे १९९१ च्या जनगणनेत तळा तालुक्याची ओळ शोधत बसणं व्यर्थ. वीस-तीस वर्षांची तुलना करायची तर जिल्हा जनगणना पुस्तिकेतली गाववार कोष्टकं घ्यायची, आज तळ्यात असलेली गावं माणगावच्या जुन्या यादीतून वेचायची आणि बेरीज करायची. काम किचकट आहे, पण करून झालं की हातात अशी आकडेवारी असते जी तयार कुठंच मिळत नाही. प्रोजेक्ट कॉपी-पेस्टचा नाही, हे परीक्षकाला पहिल्याच कोष्टकात कळतं.

आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत गावाचं नाव कधी ‘तळा’, कधी ‘तळे’, किल्ल्याचं ‘तळेगड’. सगळी रूपं एका शोधात टाकायची, मध्ये इंग्रजी ‘ऑर’ लिहायचं. दोन शब्दांचं नाव असेल तर अवतरणचिन्हांत. हे ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ ज्याच्या तर्कशास्त्रातून आले तो जॉर्ज बूल आयर्लंडमधल्या कॉर्कच्या कॉलेजात गणित शिकवायचा. १८६४ साली वारला. संगणक नावाची वस्तू त्यानं पाहिलीही नव्हती, आणि आज जगातला एकही डेटाबेस त्याच्यावाचून चालत नाही.

१८८३ चा व्याजदर

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड कुलाबा आणि जंजिरा यांच्यावर आहे. साल १८८३. संपादक जेम्स कॅम्पबेल. बहुतेकांना वाटतं की गॅझेटियर म्हणजे किल्ले, देवळं आणि राजे. इतिहासवाले तेवढंच उघडतात. मॅनेजमेंटवाल्यानं उघडावं ते ‘कॅपिटल’ नावाचं प्रकरण! त्यात सावकार कोण, व्याज काय दरानं, गहाण कसं ठेवतात, मजुरी किती, धान्याचा भाव काय, हे सगळं आहे. त्याच्या पुढचं प्रकरण व्यापाराचं: रस्ते, घाट, बंदरं, काय बाहेर जातं, काय आत येतं. आज बचत गटांच्या कर्जावर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलीनं प्रस्तावनेत या प्रकरणातलं एक पान वापरलं तर तिच्या विषयाला एका झटक्यात दीडशे वर्षांची खोली येते.

महाराष्ट्र शासनानं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर स्वातंत्र्यानंतर नव्यानं केलं, ते १९६४ चं. दोन्ही गॅझेटियरं राज्याच्या दर्शनिका विभागाकडून ऑनलाइन वाचायला मिळतात. मधल्या ऐंशी वर्षांत काय पालटलं हे बघायला दोन खंड शेजारी शेजारी उघडावेत.

रोह्यात वाढलेला मुलगा

हा योगायोग मला फार आवडतो. आज कॉलेजच्या लायब्ररीतून आपण जी आकडेवारीची आणि नियतकालिकांची कोठारं उघडतो, त्यांतल्या कितीतरी संस्थांवर याच जिल्ह्यातल्या एका माणसाचा हात आहे. चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६, महाडजवळचं नाते गाव. बालपण रोह्यात, म्हणजे तळ्याच्या शेजारच्याच तालुक्यात.

१९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत ते पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आज रिझर्व्ह बँकेचा भारतीय अर्थव्यवस्थेचा डेटाबेस कुणालाही फुकट खुला आहे. जिल्हावार ठेवी आणि कर्जं किती, हे तिथूनच काढतात. १९५० मध्ये चिंतामणराव केंद्रीय अर्थमंत्री झाले, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. ज्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं हे काम उभं केलं तिचेही ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. याच आयोगानं पुढं १९९१ मध्ये ग्रंथालयं जोडणारं इन्फ्लिबनेट सुरू केलं, ज्याच्या लॉगिननं आज तळ्यातला विद्यार्थी परदेशी जर्नल वाचतो.

नमुना सर्वेक्षणाची एक गोष्ट कॉमर्सवाल्यांना सहसा कुणी सांगत नाही. किराणा दुकान, शिवणकाम, सलून, गॅरेज, वडापावची गाडी असे कंपनी कायद्यात न येणारे धंदे मोजण्यासाठी आता दरवर्षी वेगळं सर्वेक्षण होतं. त्यातली एकेका धंद्याची कच्ची नोंद, मालकाचं नाव काढून, नोंदणी केली की मोफत मिळते. तळ्याच्या बाजारपेठेवर प्रोजेक्ट करणाऱ्याला पन्नास प्रश्नावल्या भरून आणल्यावर तुलनेला राज्याचे आकडे याहून चांगले कुठं मिळणार?

आयुकाच्या अंगणातून

इन्फ्लिबनेटचा जन्म मोठा मजेशीर आहे. ग्रंथालयं एकमेकांना जोडणारी ही संस्था सुरुवातीला पुण्याच्या आयुकाखालचा प्रकल्प होती. आयुका म्हणजे जयंत नारळीकरांनी उभारलेलं खगोलशास्त्राचं केंद्र! १९९६ मध्ये ती स्वतंत्र झाली, आता गांधीनगरला असते.

तिच्यामार्फत चालणाऱ्या दोन योजना ओळखून ठेवाव्यात. पहिली एन-लिस्ट, २०१० पासूनची, मुख्यतः महाविद्यालयांसाठी. अनुदानित कॉलेजला वर्षाची फी बरीच वर्षं पाच हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच राहिली. परदेशी प्रकाशकांच्या एकेका जर्नलची संस्थेसाठीची वर्गणी अनेकदा लाखाच्या घरात जाते, आणि इथं हजारो जर्नलं आणि लाखांनी ई-पुस्तकं. सगळ्यात सोयीचं म्हणजे लॉगिन प्रत्येकाचं स्वतंत्र. कॉलेजच्या आवारात असण्याची गरज नाही. एसटी चुकली, पाऊस लागला, घरी बसावं लागलं तरी फोनला रेंज आहे तोवर जर्नल उघडतं. हे लॉगिन आपोआप मिळत नाही. ग्रंथपालांकडं नाव आणि ईमेल द्यावा लागतो, मग ते खातं उघडून देतात. वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्यावं. सबमिशनच्या आठवड्यात सगळ्यांचीच रांग असते.

दुसरी योजना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं. ६,३०० संस्थांमधले सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. यात एल्सव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, सेज, टेलर अँड फ्रान्सिस अशी बडी नावं आहेत, आणि मॅनेजमेंटची चांगली जर्नलं बरीचशी यांच्याकडंच असतात. पण योजना सरकारी विद्यापीठं, सरकारी महाविद्यालयं आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. खाजगी संस्थेचं कॉलेज असेल तर तिथून दार उघडेलच असं नाही. म्हणून आपल्या कॉलेजकडं यातलं नेमकं काय आहे, हा प्रश्न ग्रंथपालांना पहिल्या दिवशीच विचारायचा.

आणि ज्याच्याकडं काहीच नाही त्यानंही जेस्टोर या जर्नलांच्या संकेतस्थळावर वैयक्तिक खातं उघडावं. महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचायला मिळतात, पैसे लागत नाहीत. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक तिथं आहेत. हे साप्ताहिक मुंबईचं. १९४९ मध्ये सचिन चौधरींनी ‘इकॉनॉमिक वीकली’ म्हणून सुरू केलं, १९६६ पासून आजच्या नावानं चालतं. महाराष्ट्रातल्या सहकारावर, साखरेवर, कोकणच्या विकासावर जे गंभीर लेखन इंग्रजीत झालं त्यातलं पुष्कळसं यातच आहे.

६५८ च्या कपाटात पतसंस्था नसते

लायब्ररीतल्या पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा बहुधा मेल्विल ड्यूईच्या दशांश पद्धतीचा असतो. ही पद्धत १८७६ ची. मॅनेजमेंटचा आकडा ६५८. मनुष्यबळ ६५८.३, मार्केटिंग ६५८.८, आणि शेजारी हिशेबाचं ६५७. सगळे मॅनेजमेंटवाले याच कपाटापुढं गर्दी करतात.

पण रायगडमधल्या खऱ्या धंद्यांवर लिहिणाऱ्याचं अर्धं सामान तिथं नसतंच. सहकारी संस्था आणि पतसंस्था ३३४ मध्ये. बँका आणि वित्त ३३२ मध्ये. मासेमारी ६३९.२ मध्ये, फळबागा ६३४ मध्ये, रेल्वे ३८५ मध्ये. मच्छीमार सोसायटीच्या व्यवस्थापनावर लिहायचं असेल तर तीन वेगवेगळ्या कपाटांपुढं उभं राहावं लागतं. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तर सुट्टीत लायब्ररी पालथी घालणं सोपं जातं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा त्यातला चौथा. ते मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या वर्गात रांगा आणि वेळ वाया जाणं शिकवतात तेव्हा रंगनाथन यांचं नाव घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. सेवेच्या वेगाचा विचार त्यांनी १९३१ मध्येच केला होता.

डबेवाले आणि ‘सिक्स सिग्मा’चं मूळ

मुंबईच्या डबेवाल्यांना फोर्ब्सनं सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं, हे वाक्य महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक मॅनेजमेंट प्रोजेक्टमध्ये असतं. भाषणांत असतं, पाठ्यपुस्तकांत असतं. आता मूळ शोधत मागं जाऊ.

मूळ आहे फोर्ब्सचा १९९८ चा एक लेख. तो लिहिणारे पत्रकार सुब्रत चक्रवर्ती. डबेवाल्यांचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना त्यांनी विचारलं की चूक किती वेळा होते. उत्तर आलं की जवळपास होतच नाही, फार तर दोन महिन्यांतून एखादी. चक्रवर्तींनी त्यावरून गणित केलं: रोजचे डबे किती, दोन महिन्यांचे किती, म्हणजे लाखो डब्यांमागं एक चूक. पुढं त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं की लेखात सिक्स सिग्मा हा शब्दच वापरला नव्हता आणि फोर्ब्सनं कसलंही प्रमाणपत्र दिलं नव्हतं. म्हणजे एका माणसाचा अंदाज, त्यावर एका पत्रकाराचा गुणाकार, आणि त्यावर जगभरच्या वक्त्यांनी चढवलेलं प्रमाणपत्र!

यात डबेवाल्यांचं काहीच उणं होत नाही. मावळ-जुन्नरकडची ही माणसं लोकल ट्रेनच्या वेळापत्रकावर, रंगीत खुणांच्या भरवशावर जे करतात ते थोरच आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर केस लिहिली आणि २०१२ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख. ती केस वाचली की खरं कौतुक कशाचं करायचं ते उमगतं: गटांची रचना, जादा माणसांची तजवीज, वेळेची शिस्त आणि एकमेकांशी असलेलं गावाकडचं नातं. लायब्ररीच्या डेटाबेसचा खरा उपयोग हा. ऐकीव वाक्य घ्यायचं, त्याचा संदर्भ शोधायचा, त्या संदर्भाचा संदर्भ शोधायचा, आणि मूळ माणसापर्यंत जायचं.

केस लिहिण्याची पद्धतही काही फार जुनी नाही. हार्वर्डची पहिली लिखित बिझनेस केस १९२१ ची, आणि ती एका बूट बनवणाऱ्या कंपनीवर होती.

कोलाडची केस कुणी लिहिणार का?

तळ्याच्या अगदी जवळ, कोलाड स्टेशनवर, मालाने भरलेले ट्रक ड्रायव्हर-क्लीनरसह रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. कोकण रेल्वेनं ही रो-रो सेवा १९९९ मध्ये सुरू केली. डिझेल वाचतं, टायर वाचतात, घाटातला जीवघेणा प्रवास वाचतो. दळणवळणाच्या व्यवस्थापनाचा याहून जिवंत धडा या भागात दुसरा नाही.

साधनंही तयार आहेत. कोकण रेल्वे कॉर्पोरेशन १९९० ची. भांडवलात रेल्वेसोबत महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चार राज्यांचा वाटा; उरलेला पैसा मोठ्या प्रमाणात रोख्यांतून उभारला. वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतात. कॅगचे रेल्वेवरचे अहवाल ऑनलाइन आहेत. त्यांत एखाद्या निर्णयाचा पैशात काय परिणाम झाला हे परखडपणे मांडलेलं असतं. कॅगचा अहवाल ही मॅनेजमेंटच्या मुलांनी अजून न फोडलेली खाण आहे. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर बीएसईच्या संकेतस्थळावर वार्षिक अहवाल फुकट. हा बाजार १८७५ पासूनचा आहे, आशियातला सर्वांत जुना.

तालुक्याचे आकडे कुठं दडतात

तीन नावं पाठ करावीत.

‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्यासाठी काढतं. तालुकावार कोष्टकं: पाऊस, पिकं, पशुधन, सहकारी संस्था, बँका, कारखाने, रस्ते. मराठीत.

नाबार्डचा पीएलपी, म्हणजे दर जिल्ह्यासाठी दरवर्षी बनणारा पतपुरवठ्याच्या शक्यतांचा आराखडा. शेळीपालनाचं एक युनिट उभारायला खर्च किती, कुठल्या धंद्याला किती कर्जाची शक्यता, अडचण कुठं, हे त्यात कामापुरतं नेमकं लिहिलेलं असतं. बिझनेस प्लॅन बनवणाऱ्याला यापेक्षा उपयोगी सरकारी कागद मी पाहिलेला नाही. रायगडची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया. तिच्या जिल्हा कार्यालयात वार्षिक पतपुरवठ्याचे आकडे असतात.

आणि भौगोलिक मानांकनाचे अर्ज. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, त्यात रायगड जिल्हाही आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये मिळालं. मानांकनाच्या अर्जात उत्पादनाची पद्धत, क्षेत्राचा नकाशा, वेगळेपण आणि इतिहासाचे दाखले द्यावे लागतात. हे सगळं मानांकनाच्या शासकीय नियतकालिकात छापून येतं आणि कुणालाही वाचता येतं. एखाद्या मालाचं ब्रँडिंग कसं उभं राहतं याचा पूर्ण आलेख एका कागदपत्रात! फळांच्या मार्केटिंगवर दरवर्षी प्रोजेक्ट होतात, आणि हा अर्ज फार थोडे उघडतात.

मराठीत काय आहे?

पुष्कळ. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याचं स्वतःचं मासिक, संपादक शंकरराव किर्लोस्कर. नांगर विकणाऱ्या कंपनीनं वाचक घडवायला घेतले, आणि त्यातून पुढं महाराष्ट्राचं घरोघरचं मासिक तयार झालं. आज याला कंटेंट मार्केटिंग म्हणून शिकवतात. वाडीत ते शंभर वर्षांपूर्वी चालू होतं. पुण्याच्या मराठा चेंबरचं ‘संपदा’ आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेचं ‘अर्थसंवाद’ ही आणखी दोन नावं. जुने अंक ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात शोधावेत. पहिलं १८९३ चं, दुसरं १८९८ चं. मराठी विश्वकोशातल्या अर्थशास्त्राच्या आणि वाणिज्याच्या नोंदी तर घरबसल्या वाचता येतात, आणि परिभाषा नीट करायला त्यांच्यासारखा आधार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आपण महाडशी जोडतो, आणि ते योग्यच. पण वाणिज्याच्या विद्यार्थ्यासाठी ते आणखी जवळचे आहेत. १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एमएसाठी त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. १९१८ ते १९२० ते मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक होते. हे १९१३ मध्ये सुरू झालेलं आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ चा. राज्य शासनानं काढलेल्या समग्र खंडांपैकी सहावा खंड अर्थशास्त्राचा, आणि व्यापारावरचा प्रबंध बाराव्यात. दोन्ही मोफत मिळतात. एकेका विधानाखाली त्यांनी संदर्भ कसा दिला आहे ते बघण्यासाठी तरी उघडावेत; तळटीप कशी असावी हे शिकायला दुसरं पुस्तक नको. माणगावहून महाडच्या वाटेवर लोणेऱ्याला त्यांच्याच नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ चं.

पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय धनंजयराव गाडगीळांच्या नावानं आहे. संस्था १९३० ची, पण पुस्तकांचा मूळ संग्रह भारत सेवक समाजाचा, म्हणजे त्याहून जुना. गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा ग्रंथ १९२४ चा, आणि तो अजून वाचनीय आहे. ग्रंथालयानं हजारो जुनी पुस्तकं आणि अहवाल डिजिटल करून ठेवले आहेत.

प्रबंधाचं शेवटचं परिशिष्ट

‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात देशभरातले पाच लाखांहून अधिक पीएचडी प्रबंध आहेत. मुलं त्यांतलं निष्कर्षाचं प्रकरण वाचतात. माझा आग्रह असा की आधी परिशिष्ट उघडा. प्रश्नावली तिथं असते! तज्ज्ञांनी तपासलेली, शेकडो लोकांवर वापरलेली. ती आधार म्हणून घ्यावी, तसं नमूद करावं, आणि आपल्या गावाला लागू होईल अशी बदलावी. मग संदर्भसूची. एका चांगल्या प्रबंधाच्या संदर्भसूचीतून पुढच्या दहा वाटा सुटतात.

लेख छापायचा असेल तर जर्नल पारखून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ यादी, जिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. तरी अजून ‘केअर लिस्टेड’ म्हणत पैसे मागणारे संदेश फोनवर येतात. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, जुने अंक उघडतात का, आठवड्यात छापून देण्याचं वचन आहे का, हे तीन प्रश्न बहुतेक खोट्या जर्नलांचा निकाल लावतात.

आणि पुस्तक आपल्या लायब्ररीत नसेल तर ग्रंथपालांकडून शिफारसपत्र घ्या. कॉलेजच्या लेटरहेडवर तुमचं नाव, वर्ग, विषय आणि कुठल्या ग्रंथालयात बसून वाचायचं आहे ते. सोबत ओळखपत्र ठेवा. विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या मोठ्या ग्रंथालयांत बाहेरच्या विद्यार्थ्याला अशा पत्रावर वाचायला बसू देण्याची पद्धत आहे. जाण्याआधी त्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत पुस्तकं शोधून त्यांचे क्रमांक कागदावर लिहून न्या, आणि फोन करून वेळ विचारून घ्या. तळ्याहून मुंबई-पुण्याला जाऊन यायचं म्हणजे पहाटेची गाडी धरावी लागते. क्रमांक हातात असले तर त्या दिवसातले सगळे तास वाचायला मिळतात.